गुरुवारपुरता शत्रू

काळी घार कमांडो दलाच्या नियमावलीत एक साधा नियम आहे. खरा शत्रू समोर आल्याखेरीज कोणालाही कमांडो म्हणू नये. त्यासाठी प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येक तुकडीने जंगलात शिरावे, एखाद्या बंडखोराशी गाठ घालावी, त्याचा अहवाल मनिलाला जावा आणि मगच उमेदवाराच्या छातीवर घारीचा बिल्ला लागावा. या टप्प्याला परीक्षा-मोहीम म्हणतात. नियम झाला त्या काळात सांता मार्गा प्रांतात बंडखोर मुबलक होते. ते संपले तर काय करायचं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. सरकार त्यांना संपवण्याची घोषणा दरवर्षी करत होतं, त्यामुळे सगळेच निश्चिंत होते.

रेनांते काबिगास हा प्रशिक्षणाला तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या खेपेला हिवतापाने त्याला घरी पाठवलं, दुसऱ्या खेपेला दोरावरून पडून खांद्याचं हाड मोडलं. वयाची अट अशी की या वेळी नाही तर कधीच नाही. बिल्ला टोचण्याचा मान आईचा असतो. रेनांतेची आई पासिंग हिनागोन गावात माडी विकायची. पहिल्या खेपेलाच तिने समारंभासाठी फुलांचा झगा शिवून घेतला होता आणि मेजवानीसाठी डुकराचं पिल्लू आणलं होतं. झगा तसाच ट्रंकेत पडून राहिला. पिल्लू मात्र पोराच्या दोन अपयशांवर पोसलं गेलं आणि आता ते इतकं वाढलं होतं की भाजण्यासाठी त्याच्या मापाचा बांबू गावात मिळेना.

त्यातच गव्हर्नरबाईंच्या कचेरीने गावाच्या वेशीवर अभिनंदनाचा फलक आधीच टांगून टाकला. फलकभर गव्हर्नरबाई हसत होत्या आणि खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा रेनांते होता. फलक लागल्यावर नापास होण्याची सोय उरली नाही.

तशी निवडीची चाळणी फार बारीक होती. मानसिक चाचणीत साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, "हुकूम चुकीचा वाटला तर काय करशील?" ज्यांनी "विचार करीन" असं उत्तर दिलं, ते दुपारच्या जीपनी-बसने घरी गेले. रेनांतेने विचारलं, "वाटला म्हणजे काय, सर?" त्याला वरचा नंबर मिळाला.

मग चिखल झाला, ओंडके झाले, दलदलीत मानेपर्यंत उभं राहणं झालं. उपासाच्या आठवड्यात उमेदवारांचं जेवण तोडण्यात आलं, जेवणाची बिलं मात्र शिस्तीत चालू राहिली. सार्जंट लुमांतास रोज सकाळी रिकाम्या ताटांसमोर उभा राहून सांगायचा, "कमांडोला भूक लागत नाही. लागलीच, तर ती दुसऱ्याची आहे असं समजायचं." पुढे छळ सोसण्याची परीक्षा आली. शत्रूने कितीही मारलं तरी गुपित फोडायचं नाही, असा तो प्रकार. पण उमेदवारांकडे गुपितं कुठली? म्हणून प्रत्येकाला सरकारी खर्चाने एकेक गुपित देण्यात आलं. रेनांतेच्या वाट्याला कर्नलसाहेबांच्या गाडीचा नंबर आला. तो नंबर सगळ्या छावणीला पाठ होता, तरी त्याने दोन दिवस मार खाऊन तो सांगितला नाही.

असे सगळे टप्पे पार पडले आणि हत्ती गेला, शेपूट राहिलं. परीक्षा-मोहिमेला शत्रू मिळेना.

झालं होतं असं की त्याच मोसमात गव्हर्नरबाईंनी सांता मार्गा प्रांत बंडखोरमुक्त जाहीर केला. पांढरी कबुतरं सोडली, त्यातली दोन पिंजऱ्याबाहेर यायला तयार होईनात म्हणून त्यांना काठीने ढोसण्यात आलं. बँड झाला, गाणी झाली, मनिलाहून ढाल मिळाली. मुक्त झालेल्या प्रत्येक गावाला सिमेंटचा रस्ता मिळाला आणि तो बहुतेक ठिकाणी गावप्रमुखाच्या दारापर्यंत जाऊन थांबला. आता मुक्त प्रांतात बंडखोर निघणं म्हणजे ढालीला तडा, आणि बंडखोर न निघणं म्हणजे तुकडी लटकलेली.

प्रशिक्षणाचे प्रमुख कर्नल मोंतेहो यांनी शेजारच्या प्रांताला विचारून पाहिलं. तिकडून सभ्य उत्तर आलं. 'आमच्याकडचे शिल्लक बंडखोर नौदलाच्या तुकडीसाठी राखून ठेवले आहेत. पुढच्या नाताळापर्यंत जागा नाही. आपण दरवेळी ऐनवेळी कळवता.'

कर्नलसाहेबांनी उमेदवारांना मैदानात उभं केलं.

"कोणाच्या माहितीत एखादा शत्रू आहे का? म्हातारा असला तरी चालेल. ओळखीतला असला तरी चालेल."

रेनांतेने हात वर केला. त्याला निवडीत वरचा नंबर मिळाला होता, तो काही उगीच नव्हे.

"आमच्या गावाच्या वर, डोंगरात एक आजोबा आहेत, सर. लोलो पोलोन."

"बंडखोर?"

"होते, सर. म्हणजे आहेत. रविवारी कोंबड्यांच्या झुंजीला खाली येतात. दवाखान्यात रक्तदाबही तपासून जातात."

कर्नलसाहेबांचे डोळे पाणावले. ते पुढे आले आणि त्यांनी रेनांतेच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तू अख्ख्या तुकडीचं कल्याण केलंस. जा, त्यांना भेट. गुरुवारपर्यंत कुठे जाऊ नका म्हणावं."

लोलो पोलोन झोपडीसमोर बसून कोंबड्याच्या पायाला तेल चोळत होता. रेनांते पाच वर्षांचा असताना त्याला माडावर चढायला याच म्हाताऱ्याने शिकवलं होतं. त्याच्या जुन्या टोळीतले सगळे शरण जाऊन सरकारी घरात राहायला गेले होते. प्रत्येकाला पुनर्वसनाचं एकेक डुकराचं पिल्लूही मिळालं होतं. लोलो तेवढा राहून गेला, कारण शरणागतीच्या दिवशी त्याचा कोंबडा झुंजीत शेवटच्या दोघांत पोचला होता.

"लोलो, एवढ्यात शरण जाऊ नका," रेनांते म्हणाला.

"घेतंय कोण मला?" म्हातारा उसळला. "दुसऱ्याच दिवशी गेलो होतो बंदूक घेऊन. कचेरीतली पोरगी म्हणते, आजोबा, प्रांतात बंडखोर नाहीत, तुम्ही शरण कसे येणार? म्हटलं, बाई, मी आहे ना. तर म्हणते, असल्याचा दाखला आणा. कोणाचा? तर म्हणे बंडखोरांचा. आता ते सगळे सरकारी घरात झोपलेत, मला दाखला देणार कोण? उभा जन्म जंगलात घातला रे, आणि आता म्हणतात, तू नव्हतासच."

"तेच तर सांगायला आलोय. गुरुवारी आम्ही येतो. आम्ही दिसलो की हवेत दोन बार काढायचे आणि ओढ्याकडे पळायचं. कमांडोंची बंडखोराशी गाठ पडली असा अहवाल होईल. म्हणजे तुम्ही बंडखोर ठरलात. शुक्रवारी खुशाल शरण या."

लोलोने जरा विचार केला. "पळायलाच पाहिजे?"

"अहवालात 'शत्रू पळाला' असं यावं लागतं."

"माझे गुडघे बघितलेस का? गेल्या दहा वर्षांत मी कोंबड्यामागेसुद्धा पळालो नाही."

"थोडंसंच, लोलो."

"बिल्ला आईच टोचते ना रे?"

"हो."

"तिने भात घातलाय मला इतकी वर्षं," लोलो म्हणाला. "पळेन. पण ऊन चढायच्या आत या, मला चक्कर येते. आणि तुमच्या सार्जंटला सांग, खरंच नेम धरू नकोस म्हणावं."

ठरलं. इतकं सरळ काम सैन्याच्या इतिहासात क्वचितच झालं असेल. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती आणि कोणालाही इजा होणार नव्हती. युद्ध करणाऱ्यांनी यातून शिकण्यासारखं बरंच होतं, पण लोलोने घात केला. सोमवारी तो मेला.

पळण्याचा सराव करताना मेला. पोराच्या परीक्षेत आपल्यामुळे काही कमी पडू नये म्हणून तो रोज सकाळी झोपडीपासून ओढ्यापर्यंत पळून बघत होता. भात घेऊन गेलेल्या पासिंगला तो ओढ्याकाठी सापडला. एक चप्पल पायात होती, दुसरी वर चढणीवर राहिली होती.

निरोप छावणीत आला तेव्हा रेनांते बंदूक पुसत होता. कमांडोला रडू येत नाही, आलंच तर ते दुसऱ्याचं आहे असं समजायचं. त्याने तसं समजून पाहिलं. जमलं नाही.

लोलोला नात्यागोत्यातलं कोणी नव्हतं, म्हणून गावाने मयत आपलंच मानलं. पासिंगने मयताच्या जेवणाला आपलं डुक्कर दिलं. दोन बांबू बांधून एक केले आणि भाजलं. शेजारणी म्हणाल्या, अगं, ते पोराच्या बिल्ल्यासाठी ठेवलेलं ना? ती म्हणाली, "पोरगा आज ना उद्या पास होईल. हा माणूस पुन्हा मरायचा नाही." गुरुवारी सकाळी पुरायचं ठरलं.

रेनांतेने कर्नलसाहेबांसमोर टाचा जुळवल्या. "सर, शत्रू वारला."

"कोण वारला?"

"लोलो पोलोन, सर. आता मोहीम..."

"काबिगास, प्रांत बंडखोरमुक्त आहे. म्हणजे तो माणूस नव्हता. नसलेला माणूस मरत नाही. अफवा पसरवू नकोस." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाबा रे, मनिलाची मंजुरी आली, शिधा उचलला, हेलिकॉप्टर ठरलं. आता शत्रू मेला म्हणून मोहीम रद्द केली, तर उचललेला शिधा परत कुठून आणू? तो संपला."

गुरुवारी मोहीम निघाली. तोंडाला काजळी फासून एकवीस जण लोलोच्या झोपडीवर चालून गेले. आत कोंबडा होता. साप निघून गेल्यावर भुई धोपटावी तशी सार्जंट लुमांतासने शास्त्रोक्त पद्धतीने झोपडी वेढली, दार तोडलं आणि कोंबड्याला ताब्यात घेतलं. पण कोंबड्यावर अहवाल होत नाही. दुपारी तुकडी डोंगर उतरू लागली आणि वाटेवरच्या पडक्या खोबरं वाळवायच्या वखारीत माणसं दिसली. पन्नासेक असतील. कोणी बोलत नव्हतं, नुसती बसून होती.

तिथे काय चाललंय, हे एकविसाच्या एकवीस जणांना ठाऊक होतं. मयतावरून सरळ घरी जायचं नसतं. गेलं तर मेलेला मागोमाग घरात येतो. वाटेत कुठे तरी थांबावं, चार घोट कॉफी प्यावी, त्याला चकवावं आणि मग घर गाठावं. बेटावरचं शेंबडं पोरही हे सांगेल. सार्जंट लुमांतासची सासू वारली, तेव्हा तो खबरदारी म्हणून तीन ठिकाणी थांबला होता. हिनागोनची माणसं पिढ्यान्‌पिढ्या या वखारीत थांबत आली होती.

सार्जंटने वायरलेसवर कर्नलसाहेबांना गाठलं.

"सर, आडरानात जमाव आहे. पन्नासेक."

"काय करताहेत?"

"थांबलेत, सर. मयतावरून आलेत."

"कोणाच्या?"

"त्याच्या... म्हणजे जो नव्हता त्याच्या, सर."

"जो नव्हताच, त्याच्या मयतावरून कोणी कसं येईल? म्हणजे ते खोटं सांगताहेत. हत्यारं आहेत?"

"दोन कोयते, सर. डुक्कर कापायला नेलेले."

"शाबास," कर्नलसाहेब म्हणाले. "सावकाश वेढा. शिधा वसूल झाला पाहिजे."

वखार वेढली गेली. काळ्या तोंडांचे कमांडो चारही दारांतून आत आले, तेव्हा गावाने सवयीने सरकून त्यांना बसायला जागा करून दिली. सार्जंट मधोमध उभा राहिला.

"मृताला तुमच्यापैकी कोणी कधी अन्न पुरवलं?"

आता ही मयताची बैठक. मयताच्या बैठकीत आपण मेलेल्याशी कंजूषपणा केला असं कोण म्हणवून घेईल?

"मी भात देत आले, बाबा, कायमच," पासिंग म्हणाली.

"मी सुकी मासळी दिली. चांगली, मोठी," दुसरी म्हणाली.

"मी बॅटरी दिली. अंधारात पडू नये म्हातारा म्हणून." हे खुद्द गावप्रमुख म्हणाल्या. गावात सगळे त्यांना कापिताना म्हणत.

"खोटं बोलतेय, बॅटरी माझी होती," मागून एक म्हातारा म्हणाला.

बघता बघता चढाओढ लागली. ज्यांनी आयुष्यात लोलोला पाण्याचा थेंब दिला नव्हता, त्यांनी औषधं, छत्र्या, काडतुसं असं काय काय कबूल केलं. लिहून लिहून सार्जंटचा हात भरून आला. शत्रूला रसद पुरवणारे पन्नास जण एका दुपारी, तेही स्वखुशीने, आजवर कोणत्याही तुकडीला सापडले नव्हते.

पासिंगची नजर दारापाशी उभ्या असलेल्या एका कमांडोवर गेली. काजळीखालूनही आईला पोर कळतं. "अरे, तोंड धू आधी," ती बोलून गेली. "आणि खाऊन घे. मांस ठेवलंय."

सार्जंट वळला. आता त्याचाही नाइलाज होता. नियमावलीत पुढचंच कलम आहे, शत्रूशी नातं असलेल्या उमेदवाराला तत्काळ काढून टाकावे.

"काबिगास. ही बाई कोण?"

रेनांतेने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. दोन दिवस मार खाऊन त्याने गाडीचा नंबर दाबून ठेवला होता, तेव्हा इतकं जड गेलं नव्हतं. 'आई आहे' एवढंच तर म्हणायचं होतं. ते म्हटलं की बिल्ला गेला, कायमचा.

पासिंगने एकदा सार्जंटकडे पाहिलं, एकदा पोराकडे. तिला नियमावली ठाऊक नव्हती, पण तीन खेपांचं पोराचं तोंड ठाऊक होतं.

"मी नाही ओळखत याला," ती म्हणाली. "दिसतंय कुठे मला हल्ली. माझ्या पोरासारखा वाटला, झालं. माझा पोरगा उंच आहे."

गावातला एकही माणूस बोलला नाही. रेनांतेही बोलला नाही. सार्जंटने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पासिंगला टोळीची मुख्य रसददार ठरवलं.

रात्री गव्हर्नरबाईंच्या सचिवाचा फोन आला. मुक्त प्रांतात पन्नास बंडखोर निघालेच कसे? कर्नलसाहेबांनी शांतपणे समजावलं. हे बंडखोर दुपारी शेजारच्या प्रांतातून आले, संध्याकाळपर्यंत त्यांचं मनपरिवर्तन झालं आणि आता ते शरण यायला उत्सुक आहेत. म्हणजे प्रांत पुन्हा मुक्त होतोय. सचिवाने विचारून पाहिलं. गव्हर्नरबाई म्हणाल्या, दुसरी ढाल ठेवायला कपाटात जागा आहे.

मांडवाचा खर्च वाचावा म्हणून दोन्ही समारंभ एकत्र करण्यात आले. डावीकडे बिल्ला घेणारे कमांडो, उजवीकडे शरण येणारे बंडखोर, मध्ये गव्हर्नरबाई. आज्ञेप्रमाणे उमेदवारांच्या आया एकेक करून पुढे आल्या आणि त्यांनी बिल्ले टोचले. रेनांते काबिगासचं नाव पुकारलं, तेव्हा कोणी पुढे आलं नाही. त्याची आई आजारी असल्याचं कर्नलसाहेबांनी जाहीर केलं आणि गव्हर्नरबाईंनी स्वतः मायेने बिल्ला टोचला. फोटो निघाला. या वेळी रेनांते तिकिटापेक्षा जरा मोठा आला.

पासिंग दहा पावलांवर रांगेत उभी होती. तिने फुलांचा झगा घातला होता. तिचं नाव आलं, तिने शपथ घेतली, कधीच न उचललेली बंदूक खाली ठेवली आणि पुनर्वसनाचं डुकराचं पिल्लू छातीशी धरून ती परत फिरली. कमांडोंच्या रांगेवरून जाताना ती क्षणभर थांबली. रेनांते नियमाप्रमाणे समोर क्षितिजाकडे बघत होता. ती खाली, पिल्लाकडे बघत होती.

"किती वाळलाय," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

रेनांते आता नावाजलेला कमांडो आहे. माजी बंडखोरांशी संपर्क ठेवायची त्याला मनाई आहे, त्यामुळे तो हिनागोनला जात नाही. वेशीवरचा फलक मागच्या वादळात खाली आला, तो पासिंगने आणून पिल्लाच्या खोपटावर टाकलाय. तिकिटाएवढा कोपरा आतल्या बाजूला येईल असा. गव्हर्नरबाई पावसात भिजतात.

कर्नलसाहेब मात्र पुन्हा काळजीत आहेत. जूनमध्ये नवी तुकडी येतेय आणि हिनागोनमध्ये आता शरण यायचं कोणी उरलेलं नाही. पण गेल्या खेपेच्या अनुभवाने त्यांनी शत्रूची व्याख्या सोपी करून घेतली आहे. अन्न पुरवल्याचा पुरावा शोधायची गरज राहिलेली नाही. शत्रू मेल्याचं ज्याला वाईट वाटलं, तो शत्रू. तो कुठल्या प्रांतातला, कुठल्या भाषेतला, याला बंधन नाही.

तेव्हा चढणीवर राहिलेल्या त्या एका चपलेपाशी तुमचं मन जरासं अडलं असेल, तर कोणाजवळ बोलू नका. हे मिटून ठेवा आणि सरळ घरी जा, वाटेत कुठेही थांबू नका. लोलो मागोमाग आला तर येऊ दे. भात वाढा त्याला. पण आधी दार लावून घ्या.